आत्या आणि गावभरचे जबडे

माझ्या आत्याने नवरा एका दुपारीत पसंत केला, पण फायली कॉपी करायची कमांड पसंत करायला जवळजवळ महिना घेतला. हे मी तिला एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाली, "नवरा चुकला तर एकटीचं वाटोळं होतं गं. कमांड चुकली तर गावभरचे दात जातात."

आत्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. त्याला 'लॅब' म्हणायचं, अशी मालकांची सक्त ताकीद होती. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या. एकीत प्लास्टर, मेण आणि पॉलिशची चाकं. दुसरीत संगणक, कवळ्या कोरायचं यंत्र आणि मालक. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडांची मापं इथे पाठवत आणि इथून कवळ्या तयार होऊन जात. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटे, सगळे मिळून आपल्यालाच हसताहेत.

मालकांना सगळे डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. दातांच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला ते इतक्या वेळा बसले, की शेवटी कॉलेजनेच हात जोडले. पण पांढरा कोट त्यांनी परत केला नाही, आणि कोट असला की पदवीचं कोण विचारतं?

आत्या तिथे लागली ती मेणात दात बसवायला. हात असा हलका, की मेणालाही कळू नये. जीभ मात्र प्लास्टर कापायच्या करवतीसारखी. माणसांकडे ती डोळ्यांत बघून बोलायचीच नाही, थेट तोंडात बघायची. कुणाच्या लग्नाला गेली, की बाकीच्या बायका नवरीचे दागिने न्याहाळत आणि ही माझ्या कानात सांगे, "वरचे दोन खोटे आहेत. पण काम बरं केलंय."

लग्नाचीही गोष्ट सांगून टाकते. ती गाडी शिकायला गेली होती. पहिल्याच दिवशी तिने गाडी दिव्याच्या खांबावर घातली. शिकवणारा माणूस शेजारी बसला होता. तो ओरडला नाही. आधी "लागलं का?" म्हणाला आणि मग खांबाकडे बघून, "हा इथे नको होता," म्हणाला. संध्याकाळी आत्याने घरी येऊन जाहीर केलं, की लग्न करीन तर याच्याशी. तेच माझे आतोबा. गाडी ती पुढे कधीच शिकली नाही. म्हणे, ज्या कामासाठी गेले होते ते झालं.

मी नोकरीनिमित्त त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा लॅबमध्ये संगणक येऊन बरीच वर्षं झाली होती. मापं आता प्लास्टरऐवजी स्कॅन होऊन फायलींच्या रूपात येत. स्कॅनर विकणाऱ्या माणसाने संगणकावर एक फुकटातली प्रणाली टाकून दिली होती आणि तो जाता जाता म्हणाला होता, "काही अडलं तर काळ्या पडद्यावर 'मॅन' लिहा आणि पुढे कमांडचं नाव लिहा. सगळी माहिती येते." तो गेला तो गेलाच. मालकांना काळा पडदा बघितला की परीक्षा आठवे, त्यामुळे संगणक आत्याच्या गळ्यात पडला. तिने 'मॅन' लिहून बघितलं, खरोखरच पानंच्या पानं माहिती आली, आणि ती खूश झाली. "आयुष्यात पहिला मॅन भेटला," ती आम्हाला जेवताना म्हणाली, "जो विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं की पूर्ण उत्तर देतो." आतोबांनी निमूटपणे पाणी प्यायलं.

'जबडे' नावाचं एक मोठं फोल्डर होतं. त्यात प्रत्येक दातांच्या डॉक्टरचं एक, त्यात प्रत्येक पेशंटचं एक, त्यात वरचा जबडा, खालचा जबडा आणि कवळीचे आराखडे. आराखडे एकदा करून भागत नाही. पेशंट म्हणतो टोचतंय, डॉक्टर म्हणतात उंच झालंय, मग पुन्हा. त्यामुळे एकेकाच्या फोल्डरमध्ये 'कवळी', 'कवळी नवी', 'कवळी शेवटची', 'कवळी खरंच शेवटची' असा प्रकार. यातली नक्की कुठली कोरायची, हे नावावरून देवालाही कळलं नसतं. पण लॅबची एक सोपी पद्धत होती. तारखेप्रमाणे लावायचं आणि सगळ्यात अलीकडची उचलायची.

ती उचलायचं काम घासूचं. दिवसभर कवळ्यांना पॉलिश घासायचा म्हणून तो घासू. मधल्या वेळात तो कोरायचं यंत्रही चालवायचा. चांगला चाळिशीचा, दोन पोरांचा बाप, पण आत्यापुढे त्याची वाचा बसे.

तर एके दिवशी जुन्या संगणकाची डिस्क कुरकुरायला लागली. आत कुणीतरी खडे चावतंय असा आवाज. मालकांनी नवा संगणक आणला आणि बाह्या सरसावल्या.

"बाई, तुम्ही राहू द्या. कॉपी-पेस्ट तर करायचंय."

त्यांनी खिशातली छोटी डिस्क लावली, माउसने 'जबडे' धरून तिच्यावर ओढलं आणि ते जेवायला गेले. परत येऊन बघतात तर पडद्यावर प्रश्न उभा: अमुक नावाचं फोल्डर इथे चालत नाही, काय करू? मालकांना प्रश्न कधीच आवडत नसत. त्यांनी 'असे सगळे वगळा' दाबलं. काम झटक्यात उरकलं. आत्याने पडताळलं, तर बरेच पेशंट गायब.

गोम अशी निघाली, की मालकांच्या त्या डिस्कला नावात प्रश्नचिन्ह चालत नव्हतं. आणि घासूची सवय अशी, की माप नक्की कुणाचं याची खात्री नसली की तो नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून मोकळा होई.

"ताई, मला शंका होती," घासू म्हणाला.

"अरे, मग मला विचारायचं! फोल्डरला काय विचारतोस?"

आत्याने मालकांना खुर्चीवरून उठवलं. जुनी डिस्क काढून नव्या संगणकाला वायरने जोडली, म्हणजे खिशातली डिस्क मधे नकोच, आणि काळा पडदा उघडला. तिला तेव्हा कॉपीची एकच कमांड ठाऊक होती. तिचं नाव सीपी. तिच्यापुढे 'डॅश आर' लावलं, की फोल्डरमधलं फोल्डर, त्याच्यातलं फोल्डर असं बुडापर्यंत सगळं उतरतं. आत्याने ते केलं. प्रश्नचिन्हांसकट झाडून सगळे जबडे नव्या संगणकावर आले. आत्याने सगळ्यांना चहा पाजला आणि मालकांना तो प्यायला लावला.

पुढच्या आठवड्यात पंच आले.

हे गृहस्थ शाळांच्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभे राहत. वय झालेलं, पण मैदान सुटत नव्हतं. त्यांच्या पुढच्या दातांची कवळी लॅबने केली होती. पहिल्या आराखड्यात दोन दातांमध्ये बारीकशी फट राहिली आणि 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची, म्हणून आत्याने स्वतः बसून ती फट बुजवली होती. नवी कवळी तयार होऊन दातांच्या डॉक्टरकडे गेली, डॉक्टरांनी घाईघाईत बसवून दिली, आणि पंच तडक सामन्याला गेले.

आता ते जिना चढून थेट लॅबमध्ये आले होते, आणि चेहरा असा, की फळीवरचे जबडेही हसायचे थांबावेत.

"बाई, मी एका पोराला 'सावकाश' म्हणालो," पंच म्हणाले, आणि खरोखर 'सा'वर खणखणीत शिट्टी वाजली. "मैदानभरची पोरं जागच्या जागी उभी राहिली. गोल होत होता हो! चेंडू जाळ्यात गेला आणि गोल खाल्लेल्यांचा प्रशिक्षक म्हणतो, शिट्टी आधी झाली. मी म्हटलं, शिट्टी मी नाही मारली. तर तो म्हणतो, मग कोणी, तुमच्या सासऱ्यांनी?"

या शेवटच्या शब्दावर पुन्हा शिट्टी. घासू पॉलिशच्या चाकाआड जाऊन बसला. त्याचे खांदे हलत होते.

आत्याने पंचांचं फोल्डर उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. प्रत्येक आराखड्यावर तारीख एकच, कॉपी केली त्या दिवसाची. नुसत्या पंचांच्याच नव्हे, गावभरच्या. सीपीने फायली आणल्या होत्या, पण त्यांच्या जुन्या तारखा मागेच टाकल्या होत्या. घासूने सवयीप्रमाणे सगळ्यात वरचा आराखडा उचलला आणि फटवाली कवळी पुन्हा कोरली.

जुनी डिस्क अजून शाबूत होती, म्हणून वाचलो. आत्याने ती जुन्या संगणकात परत बसवली, खरा शेवटचा आराखडा काढला, पंचांना नवी कवळी दिली आणि जन्मात पहिल्यांदा कुणाची तरी माफी मागितली. मागताना ती पंचांच्या तोंडात बघत होती, ती गोष्ट वेगळी. लॅब पुन्हा कुरकुरत्या संगणकावर चालू झाली, आणि आत्या कमांड शोधायला बसली.

मग आमच्या घराची रया गेली. जेवणाच्या टेबलावर मॅनची पानं छापून पसरलेली. आत्या एका हाताने घास घेणार, दुसऱ्या हाताने खुणा करणार आणि मध्येच ओरडणार, "डॅश ए! गधडी मी! डॅश आरच्या जागी डॅश ए लावलं असतं तर तारखा, मालकी, सगळं जसंच्या तसं आलं असतं."

"मग लाव की आता," मी म्हणाले.

तिने लावून बघितलं. सीपी डॅश ए. तारखा उत्तम आल्या, पण जुनी डिस्क आता जास्तच खंगली होती, ती अर्ध्या वाटेत तापून बंद पडली. थंड करून पुन्हा सुरू केलं, तर सीपी पहिल्यापासून. पुन्हा तापली, पुन्हा पहिल्यापासून.

"तुझ्या बापासारखी आहे ही," आत्या मला म्हणाली. "एक शब्द मध्ये बोललं की सगळी गोष्ट परत मुळापासून सांगणार."

मग कमांडींच्या रांगेतला पुढचा आला, टार. तो सगळ्याचं एकच गाठोडं बांधतो आणि पलीकडे नेऊन सोडतो. तारखा पाळतो, शिस्तीत काम करतो. आत्याला तो दोन दिवस फार आवडला. पण डिस्क मध्येच बंद पडली, तेव्हा हातात अर्धवट बांधलेलं गाठोडं आलं आणि त्यातून काय निघेल याचा भरवसा नाही. "दिसायला देखणा, पण संसाराला निरुपयोगी," म्हणून तिने त्याला नाकारलं. आतोबा पलीकडून सांभाळून म्हणाले, "कोण गं?"

शेवटी आरसिंक सापडलं. हे आधी दोन्हीकडे काय काय आहे ते बघतं, जे उतरलंय त्याला हात लावत नाही आणि उरलेलंच आणतं, तेही तारखांसकट. डिस्क तापली, थांबली, तरी पुन्हा सुरू केलं की जिथे राहिलं होतं तिथून पुढे. आत्याला जणू स्थळ पसंत पडलं. त्या दिवशी ती घरात गुणगुणत होती, आणि तिचा आवाज बघता ते काही सुखाचं नव्हतं.

लॅबला सुट्टी होती त्या दिवशी तिने मुहूर्त धरला. मी गेले होते, आणि नवा संगणक खिडकीपाशी सरकवायला आतोबांना आणलं होतं. सरकवून झाल्यावर ते शेजारच्या स्टुलावर बसले आणि आत्याने जुनी डिस्क पुन्हा वायरने जोडली.

पहिली कमांड चालवली, तर नव्या संगणकावर 'जबडे'च्या पोटात आणखी एक 'जबडे' तयार व्हायला लागलं. आरसिंकमध्ये जिथून न्यायचं त्या नावाच्या शेवटी तिरपी रेघ दिली, तर आतला माल जातो. नाही दिली, तर फोल्डरच उचलून आत ठेवलं जातं. आत्याने रेघ दिली नव्हती. एवढ्याशा रेघेवरून तिने संगणकाच्या सात पिढ्या उद्धरल्या, ते सगळं पुसलं, आणि नव्याने लिहायला घेतलं.

या वेळी तिने आणखी एक शब्द जोडला. डिलीट.

"हे कशाला?" मी विचारलं.

"डिस्क तापणार, चार वेळा थांबणार. काम उद्यावर गेलं आणि घासूने सकाळी जुन्यात एखादं नाव बदललं, तर नव्यात दोन्ही राहतील. हा शब्द असला, की जिथून नेतोय तिथे जे नाही, ते पलीकडेही ठेवत नाही. कचरा नको मला."

आतोबा मान लांब करून बघत होते. आयुष्यभर नवशिक्यांच्या शेजारी बसल्यामुळे कुणी काहीही सुरू करायला लागलं, की त्यांना कसंतरी व्हायचं.

"नुसतं बघता नाही येत का आधी?" ते म्हणाले. "म्हणजे इंजिन बंद ठेवून. मी पोरांना पहिल्या दिवशी गाडी बंद ठेवूनच गिअर टाकायला लावतो."

"अहो, ही गाडी आहे का?"

"नाही, पण—"

"येतं बघता. डॅश एन लावलं की काय काय होईल ते नुसतं सांगतं, करत काही नाही. पण मला त्याची गरज नाही. एवढं वाचलंय मी."

"बरं," आतोबा म्हणाले. आणि जरा थांबून, "पण येतं ना?"

आत्याने त्यांच्याकडे असं बघितलं, की एखाद्याची अक्कलदाढ आपोआप पडावी. मग एन टायपला, इतक्या जोरात, की बटण तुटेल असं वाटलं. "घ्या. करा समाधान."

पडद्यावर ओळी धावायला लागल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकच शब्द, पुसतोय, आणि पुढे फोल्डरचं नाव. शाळेतल्या मुख्याध्यापिका, खालचा जबडा, पुसतोय. खालच्या सायकलवाल्याची आई, पुसतोय. पंच, पुसतोय. माझ्या स्वतःच्या एका दाढेची टोपी होती, तीही गेली.

आत्याची दातखीळ बसली. तिने नावं उलटी लिहिली होती. जिथून न्यायचं त्या जागी नवा संगणक, आत्ताच पुसून रिकामा केलेला. आणि जिथे न्यायचं त्या जागी जुनी डिस्क, जिच्यात सगळं होतं. रिकाम्यासारखंच भरलेलं करून टाक, असा हुकूम तिने सोडला होता. दुसरी प्रत कुठेही नव्हती. मालकांनी खिशातली डिस्क सहलीच्या फोटोंसाठी केव्हाच रिकामी केली होती.

ओळी थांबल्या. सगळ्यात खाली लिहून आलं, की ही नुसती रंगीत तालीम होती.

"काय गं?" आतोबांनी विचारलं. "बरोबर आहे ना?"

काळ्या पडद्यावरचं इंग्रजी त्यांना काही कळत नव्हतं. माझ्याकडे न बघताच आत्याने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"बरोबरच आहे," ती म्हणाली. "तुम्ही जरा चहा सांगून या ना."

ते जिना उतरल्यावर तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग म्हणाली, "ही सगळी माणसं सकाळी उठून माझ्या भरवशावर घास चावतात गं." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी पाणी दिलं. तिने ते प्यायलं, नाक पुसलं, नावांची अदलाबदल केली, शेवटची तिरपी रेघ बोट ठेवून तपासली आणि पुन्हा डॅश एन लावून बघितलं. या वेळी 'पुसतोय' कुठेच नव्हतं. मग एन काढला.

डिस्क तीनदा तापली. तीनही वेळा आम्ही तिला पंख्यासमोर धरलं, एखाद्या चक्कर आलेल्या म्हातारीसारखं, आणि आरसिंकने तीनही वेळा निमूटपणे राहिलेलं काम पुढे सुरू केलं. संध्याकाळपर्यंत सगळे जबडे आपापल्या तारखा आणि घासूच्या शंका घेऊन नव्या संगणकावर आले. आत्याने एकेक फोल्डर उघडून पाहिलं. आतोबांचा चहा केव्हाच थंड झाला होता, तो तिने तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी येऊन नव्या संगणकावर हात फिरवला आणि म्हणाले, "बघा, उगीच महिना घालवलात." आत्या त्यांना काय म्हणाली, ते घासूने मला सांगितलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

थोड्या दिवसांनी पंच पुन्हा आले. नवी कवळी झकास बसली होती. 'सासरे' म्हटलं तरी चिटपाखरूही हललं नाही. पण ते घुटमळत होते.

"बाई, ती आधीची आहे का हो अजून?"

"फटवाली? का?"

"नाही म्हणजे, पोरं ऐकत नाहीत आता. वयामुळे दम पुरत नाही, शिट्टी ओठांपर्यंत नेईस्तोवर पोरं निम्मं मैदान पार करतात. ती कशी, नुसतं 'ए, सरक' म्हटलं की काम व्हायचं. जेवायला ही राहू द्या. सामन्याला ती द्या."

आत्याने खणातून फटवाली कवळी काढली, घासूकडून चकचकीत करून घेतली आणि त्यांना दिली. पंचांनी तिथेच बसवून "समाधान!" म्हटलं, आणि खालच्या सायकलवाल्याने दचकून वर बघितलं.

त्या सुट्टीच्या दिवशी काय झालं होतं, हे आतोबांना आत्याने कधीच सांगितलं नाही. लॅबमध्ये ती सांगे, "मी नेहमी आधी डॅश एन लावते. शिस्त म्हणजे शिस्त." घासूलाही तिने तीच शिस्त लावली, आणि त्याने चुकून नावं उलटी लिहिली तेव्हा त्याचा असा उद्धार केला, की ऐकणाऱ्याला वाटावं, असली घोडचूक जगात आजवर कुणी केलीच नाही.

पुढे माझी बदली झाली. निघायच्या दिवशी आतोबा मला सामानासकट गाडीने नव्या घरी पोचवायला आले. वाटेत मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. सिग्नलला गाडी थांबली, हिरवा दिवा लागला, मागून भोंगे वाजायला लागले, तरी हे समोर बघत बसलेले.

"म्हणजे मी म्हणालो म्हणून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"आणि तिला माहीत आहे?"

"तिलाच तर माहीत आहे."

ते हसले. इतके हसले, की डोळे पुसावे लागले, आणि मला त्यांचे खालचे दात पहिल्यांदाच नीट दिसले. मागच्या गाडीवाल्याने शिवी दिली, तिचेही त्यांनी हात हलवून आभार मानले.

आत्याचा फोन त्याच रात्री आला. "काय सांगितलंस गं त्यांना? घरात शिरल्यापासून माणूस शीळ घालतोय. मी कांदा चिरायला घेतला तर म्हणाले, आधी नुसता बघून घे. तुझ्यासारखी भाची सात जन्मी नको," असं म्हणून तिने, पोचलीस का, जेवलीस का, दार नीट लागतं का तिथलं, हे सगळं एका दमात विचारलं आणि उत्तर न ऐकताच फोन ठेवला.